पाणी उपसणारा सूर्य

जमिनीवर पीक उभे असते आणि पाणी असते जमिनीच्या पोटात. या दोहोंमध्ये अंतर असते फार तर आठ-दहा परसांचे. परस म्हणजे साधारणपणे एका माणसाची उंची. विहिरीची खोली मोजण्याचे हे जुने माप मराठवाड्याच्या खेड्यांत आजही ऐकावयास मिळते. आठ-दहा परस हे अंतर चालत जावयाचे असते, तर एखादे लहान मूलही ते क्षणात ओलांडून जाईल. परंतु ते सरळ वर चढावयाचे आहे, आणि पाणी तर स्वभावतःच खाली धावणारे. त्याला वर आणावयाचे म्हणजे कोणाला तरी कष्ट पडणारच. हे कष्ट कोणी करावयाचे, याच प्रश्नाभोवती शेतीच्या इतिहासाचा मोठा भाग फिरत आला आहे.

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस, खाम नदीच्या काठी, छावणी नावाचा भाग आहे. सैन्याच्या तळावरून त्याला हे नाव मिळाले. येथे दर गुरुवारी आठवड्याचा बाजार भरतो आणि त्यातील जनावरांचा बाजार पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. आसपासच्या खेड्यांतून शेतकरी बैल घेऊन येतात. खरेदी करणारा बैलाचे दात पाहतो, खांदा चाचपतो, त्याला चार पावले चालवून बघतो. पूर्वीच्या काळी ही पारख अधिकच बारकाईने होत असे. कारण त्या वेळी बैल केवळ नांगर आणि गाडी ओढीत नसे, तर विहिरीचे पाणीही तोच वर काढीत असे. घरची बैलजोडी हेच शेतकऱ्याचे इंजिन होते.

विहिरीवर मोट चालत असे. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. पुढे पुढे ती पत्र्याचीही होऊ लागली. विहिरीच्या काठावर लाकडी चाक बसविलेले असे. त्यावरून गेलेल्या जाड दोराला नाडा म्हणत. नाड्याचे एक टोक मोटेला आणि दुसरे बैलांच्या जुवाला बांधलेले असे. विहिरीपासून दूर उतरत जाणाऱ्या वाटेला धाव म्हणत. बैल धावेवरून खाली उतरू लागले की भरलेली मोट वर येई, तिची सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाने वाफ्यांकडे निघे. मग बैल मागे सरकत पुन्हा वर चढत आणि रिकामी मोट पाण्यात बुडे. पहाटेपासून हे चाले. मोटकऱ्याच्या गाण्याने माणसाचे आणि जनावराचे श्रम थोडे हलके होत. पण उन्हे तापली की दोघेही थकत व मोट थांबवावी लागे.

ज्या ठिकाणी जमिनीचा उतार अनुकूल असतो, तेथे पाणी उपसण्याची गरजच पडत नाही. हे सत्य या शहराने फार पूर्वी ओळखले होते. १६१० च्या सुमारास मलिक अंबर याने खडकी गाव वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये त्याला छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले. मलिक अंबराने या गावासाठी डोंगरांकडील पाणी भूमिगत नहरीने आणले. त्या नहरीला नहर-ए-अंबरी म्हणतात. ठरावीक अंतरावर मनोरे व विहिरी आणि बाकी सर्व काम उताराचे, अशी तिची रचना होती. छावणीपासून जवळच असलेली पाणचक्कीही याच विद्येचे उदाहरण होय. डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेले पाणी तेथे उंच भिंतीवरून खाली पडे आणि त्याच्या जोरावर पीठ दळण्याचे जाते फिरे. पाणी खाली येताना माणसाचे काम करून जाते. पण तेच पाणी वर न्यावयाचे झाले, तर माणसालाच त्याचे काम करावे लागते.

शेतातील विहिरीला मात्र नहरीचा उपाय लागू पडत नाही. तेथे उपसा हवाच. विसाव्या शतकात बैलांच्या मदतीला यंत्र आले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभारली. तेथून लोखंडी नांगर आणि पुढे पंपही महाराष्ट्राच्या शेतांत पोहोचले. तेलावर चालणारी इंजिने विहिरींच्या काठी धडधडू लागली. खेडोपाडी विजेच्या तारा आल्यावर विजेच्या मोटारी बसल्या. मोट थांबली, धावेवर गवत वाढले आणि चामड्याच्या मोटा अडगळीत गेल्या.

परंतु यंत्र आले म्हणून शेतकऱ्याची चिंता संपली नाही. इंजिनाला तेल विकत घ्यावे लागते. विजेची गोष्ट निराळी. पण तिचीही अडचण होतीच. सर्वांना एकाच वेळी पुरेल इतकी वीज नसल्याने शेतीचा पुरवठा पाळीपाळीने होऊ लागला. काही दिवस वीज दिवसा मिळे, तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली म्हणजे शेतकऱ्याने कंदील किंवा बॅटरी घेऊन शेतात जावे, ओल्या अंधारात दारे धरावीत, साप-विंचवांचे भय मनात बाळगून बांधावरून चालावे, असा क्रम पडला. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत गव्हाला पाणी देणाऱ्याची अवस्था काय होत असेल, याची कल्पना शहरात पांघरुणात निजलेल्यांना येणे कठीण आहे. त्यातच गावची डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र, जळाली तर ती दुरुस्त होईपर्यंत विहिरीत पाणी असूनही पीक वाळू लागे.

अशा वेळी विचारी माणसाच्या मनात एक प्रश्न येणे साहजिक आहे. जो सूर्य पीक वाळवितो, त्याच्याकडूनच पाणी उपसून घेता आले तर?

हा प्रश्न आजचा नाही. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत तो एका माणसाने गंभीरपणे विचारला होता. विल्यम ॲडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ मुंबईच्या उच्च न्यायालयात नोकरीस होते. हिंदुस्थानात दगडी कोळसा महाग आणि ऊन मात्र अमाप, ही विसंगती त्यांना खटकली. त्यांनी लहान लहान सपाट आरसे एका मोठ्या कमानीत मांडले. त्या सर्वांचे प्रतिबिंबित ऊन एकाच बाष्पकावर, म्हणजे वाफ करणाऱ्या भांड्यावर, पाडले. पाणी उकळले, वाफ झाली आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालून पाण्याचा पंप फिरू लागला. कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात त्यांनी हा प्रयोग लोकांना दाखविला. १८७८ साली त्यांनी यावर एक पुस्तकही मुंबईत प्रसिद्ध केले. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, हा त्याचा विषय होता.

पुढे १९१३ मध्ये फ्रँक शूमन या अमेरिकन अभियंत्याने इजिप्तमध्ये कैरोजवळ माडी येथे लांबलचक वक्र आरशांची मांडणी करून नाईल नदीचे पाणी शेतांकडे चढविले. त्याचे यंत्र मिनिटाला २० हजार लिटरांहून अधिक पाणी उपसू शके. तथापि १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले व ते काम मोडले. खनिज तेल स्वस्तात मिळू लागले आणि सूर्याची आठवण मागे पडली. शिवाय आरशांच्या यंत्रात एक मूळचीच अडचण होती. सूर्य जसजसा आकाशात सरकेल, तसतसे आरसे फिरवावे लागत. वाफेचे इंजिन सांभाळण्यास जाणता मनुष्य हवा. सामान्य शेतकऱ्याला हे परवडणारे नव्हते.

ही अडचण दूर झाली ती एका वेगळ्याच मार्गाने. १८३९ मध्ये एडमंड बेकरेल या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाला असे आढळले होते की, काही पदार्थांवर प्रकाश पडला असता वीज उत्पन्न होते. या शोधाचा व्यवहारात उपयोग होण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉन या मूलद्रव्याचा पहिला उपयुक्त सौर घट तयार झाला. सिलिकॉन हे काही दुर्मिळ द्रव्य नव्हे. आपल्या पायाखालच्या वाळूत ते भरपूर असते. मात्र ते अत्यंत शुद्ध करून घ्यावे लागते.

सौर घटात सिलिकॉनचे दोन थर एकमेकांस चिकटलेले असतात. त्यांत अगदी सूक्ष्म प्रमाणात निरनिराळी द्रव्ये मिसळलेली असल्यामुळे दोन्ही थरांचे विद्युत्-गुण भिन्न होतात. प्रकाशकिरण घटावर पडले की आतील इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि थरांच्या रचनेमुळे ते एकाच दिशेने ढकलले जातात. या प्रवाहालाच आपण वीज म्हणतो. येथे जळण नाही, धूर नाही, फिरणारे चाकही नाही. असे पुष्कळ घट काचेखाली जोडून बसविले म्हणजे सौर पॅनेल तयार होते. शेतकरी त्यांना नुसते ‘प्लेटा’ म्हणतात.

सूर्यपंपाचे भाग मोजकेच असतात. उघड्या जागेवर लोखंडी सांगाड्यावर प्लेटा असतात, त्यांच्या खाली कंट्रोलर नावाची पेटी असते आणि विहिरीत किंवा बोअरमध्ये मोटार व पंप असतो. भारत विषुववृत्ताच्या उत्तरेस असल्याने सूर्य वर्षाचा बराच काळ आपल्या दक्षिणेकडून जातो. म्हणून प्लेटांचे तोंड दक्षिणेकडे ठेवतात आणि त्यांना थोडा उतार देतात. छत्रपती संभाजीनगर सुमारे २० अक्षांशांवर आहे. तेथे हा उतारही साधारण तितक्याच अंशांचा ठेवणे सोयीचे ठरते. सकाळी ऊन कोवळे असते तेव्हा वीज थोडी निघते आणि कंट्रोलर मोटार हळू फिरवितो. दुपारी ऊन चढते तशी मोटारही वेगाने फिरू लागते. ढग आला की धार बारीक होते, ढग सरला की पुन्हा जाड होते.

या यंत्राला किती ऊन लागते, याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. स्वच्छ दुपारी एका चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॉट इतकी सूर्यशक्ती पडते. चांगले पॅनेल तिचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे २०० वॉट, विजेच्या रूपाने देते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. तीन अश्वशक्तीच्या पंपासाठी सुमारे ३,००० वॉटची पॅनेले बसवितात. त्यांना १५ चौरस मीटर, म्हणजे एका बऱ्यापैकी खोलीएवढी, जागा पुरते. एका बैलजोडीची ताकद ढोबळ मानाने एक अश्वशक्ती धरली, तर भर दुपारी त्या खोलीएवढ्या जागेवरचे ऊन तीन बैलजोड्यांचे काम करते.

दुसरा हिशेब पाण्याचा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. १० हजार लिटर पाणी ३० मीटर वर चढविणे म्हणजे १० टन ओझे दहा मजली इमारतीच्या गच्चीवर नेण्यासारखे आहे. काहीही वाया गेले नाही, तरी या कामाला सुमारे ०.८ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात मोटार, पंप आणि नळ यांच्या घर्षणात बराच भाग खर्च होतो आणि हा आकडा दुपटीच्या आसपास जातो. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. विहिरीतील पाणी जितके खोल जाईल, तितके तेच पाणी वर काढण्यास अधिक प्लेटा व अधिक पैसा लागेल.

रात्री सूर्य नसतो, मग पाणी कसे मिळणार, अशी शंका कोणीही घेईल. त्यावर उत्तर सोपे आहे. शेतीच्या पंपाला महागड्या बॅटऱ्या जोडण्याची गरज नसते. दिवसा उपसलेले पाणी उंचावरील टाकीत किंवा शेततळ्यात साठवावे, म्हणजे झाले. वीज साठविण्यापेक्षा पाणी साठविणे स्वस्त पडते. शिवाय शेतकऱ्याला जे हवे होते ते यातच आले. पाणी दिवसा मिळू लागले आणि रात्री तो घरी झोपू लागला.

एवढे गुण असूनही सूर्यपंप सुरुवातीस फार महाग होता. यास्तव शासनाने मदतीचा हात पुढे केला. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम-कुसुम’ योजना सुरू केली. महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची व बाकीचा भार शासनाने उचलावयाचा, असे ठरले. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून अधिक जमिनीस साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाण बांधून दिले. २०२५ साली महावितरणने एका महिन्यात ४५,९११ सूर्यपंप बसविले व त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याचा समारंभ डिसेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथेच झाला.

यंत्र कितीही चांगले असले तरी त्याची निगा राखावी लागते. प्लेटांवर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून त्या मधूनमधून पाण्याने धुवाव्या लागतात. जवळच्या झाडाची सावली त्यांवर पडू देता कामा नये. वादळ आणि गारपीट यांचे भय असतेच. ही सर्व काळजी शेतकरी घेऊ शकतो. परंतु एक काळजी अशी आहे की, ती एकट्या शेतकऱ्याने घेऊन भागत नाही. ती साऱ्या गावाने घ्यावी लागते. ती आहे विहिरीतील पाण्याची.

मराठवाड्याची भूमी काळ्या कातळाची आहे. वाळूच्या मैदानात पाणी जसे खोलवर मुरून साठते, तसे कातळात साठत नाही. मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत जेवढे मावेल, तेवढेच पाणी. या भागात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तोही दर वर्षी तेवढा पडेलच असे नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी वडीलधारी माणसे आजही सांगतात. २०१६ साली तर लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले.

मोटेच्या काळी विहिरीला आपोआप विसावा मिळे. बैल थकले की उपसा थांबे आणि रात्रभर झरे विहीर पुन्हा भरून काढीत. इंजिनाच्या काळी तेलाचा खर्च हात आवरावयास लावी. विजेच्या काळी पाळी संपली की मोटार बंद पडे. सूर्य मात्र थकत नाही आणि बिलही पाठवीत नाही. ऊन आहे तोवर पंप चालू ठेवण्याचा मोह सहज होऊ शकतो. एकाने उपसा वाढविला की शेजाऱ्याची विहीर आटते. मग तो अधिक खोल बोअर घेतो. जमिनीखाली बांध नसतात. वर शेत ज्याचे त्याचे असले, तरी खालचे पाणी सर्वांचे एकच असते. म्हणूनच महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटर वा त्याहून खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे.

कायद्याच्या आधीच ज्यांनी हे ओळखले, अशी गावेही महाराष्ट्रात आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे त्यांपैकी एक. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने डोंगरउतारावर चर खणले, बंधारे घातले, झाडे लावली. इतक्यावरच ते थांबले नाही. शेतीसाठी बोअर घ्यावयाचा नाही, ऊस-केळीसारखी फार पाणी पिणारी पिके लावावयाची नाहीत, असे नियम गावाने स्वतःच घातले. किती पाऊस पडला ते मोजावयाचे, त्यावरून किती पाणी हाताशी आहे हे काढावयाचे आणि मग कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवावयाचे, असा पाण्याचा ताळेबंद हे गाव दर वर्षी मांडते. गृहिणी कणगीतील धान्य पाहून वर्षाचा बेत करते, त्यातलाच हा प्रकार.

सूर्यपंप बसविणाऱ्या प्रत्येक गावाला हा धडा घेता येईल. पंपासोबत ठिबक सिंचन असले तर थेंब थेंब मुळाशी जातो. विहिरीच्या वरच्या बाजूस पावसाचे पाणी मुरविले तर उपशाची भरपाई होते. शेततळे भरले की मोटार थांबवावी, हा संयम मात्र कोणत्याही कंट्रोलरमध्ये विकत मिळत नाही.

सूर्य उद्या पुन्हा उगवेल, याची सर्वांना खात्री असते. विहीर पुन्हा भरेल, ही खात्री मात्र माणसाने आपल्या वागण्याने मिळवावी लागते. ऊन हे रोजच्या कमाईसारखे आहे. ते कितीही खर्चले तरी दुसऱ्या दिवशी नवे मिळते. भूजल हे पूर्वजांनी ठेवलेल्या पुंजीसारखे आहे. जेवढी भर घालावी, तेवढेच त्यातून काढावे. हा भेद ज्याला कळला, त्याच्याच शेतात सूर्य खऱ्या अर्थाने राबू लागेल.

स्वाध्याय

१. मोटेने पाणी काढण्याची रीत तुमच्या शब्दांत सांगा. नाडा, धाव व थारोळे हे शब्द वापरा.
२. पाणचक्कीतील पाणी आणि विहिरीतील पाणी यांच्या कामात कोणता फरक आहे?
३. विल्यम ॲडम्स यांचा पंप आणि आजचा सूर्यपंप यांत साम्य कोणते व भेद कोणता?
४. ‘जमिनीखाली बांध नसतात’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. पाच अश्वशक्तीच्या पंपासाठी ५,००० वॉटची पॅनेले बसवावयाची आहेत. त्यांना किती चौरस मीटर जागा लागेल?
६. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून त्यांच्या लहानपणी विहिरीचे पाणी कसे काढीत असत, याविषयी दहा ओळी लिहा.